आत्याला सगळं समजावून सांगितलं होतं, तरी शुगर उतरत नाही. अडाणी असण्याचा आजारावर एवढा फरक पडतो का?

सातपूरकर_८४

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय पण वाचा आणि सांगा. माझी आत्या पेठ तालुक्यात असते, वय ६२, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. दिवाळीच्या आधी पायाला जखम झाली ती चिघळली, नाशिकला आणली तर शुगर निघाली ४१०. आठ दिवस ॲडमिट होती, इन्सुलिन चालू केलं, जखम सुकायला लागली आणि घरी सोडलं. सोडताना सिस्टरने सगळं सांगितलं, मी स्वतः तिथे उभा होतो, सकाळी एवढे युनिट, संध्याकाळी एवढे, जेवणाच्या आधी अर्धा तास, अनवाणी फिरायचं नाही, "समजलं ना आजी?" आत्या हो म्हणाली, मी पण हो म्हणालो. मागे अजून तिघांचे डिस्चार्ज थांबलेले, पाच मिनिटांत उरकलं सगळं. हातात फाईल दिली ती पूर्ण इंग्रजीत.

त्यानंतर तीनदा दाखवलं, तिन्ही वेळा शुगर तीनशेच्या वरच. डोस वाढवत वाढवत सकाळी २४ आणि संध्याकाळी १२ वर आलाय, ह्या डोसला पण महिना होत आला. मागच्या वेळी ओपीडीत तिला सगळ्यांसमोर बोलले, गोड खाता, इंजेक्शनं चुकवता आणि मग आमच्याकडे येता. ती तिथे काही बोलली नाही. सीबीएसला, म्हणजे एसटी स्टँडवर, पेठची गाडी लागेपर्यंत बाकड्यावर बसलो होतो तेव्हा पदराने डोळे पुसत म्हणाली, बाळा मी चहासुद्धा कोरा पिते रे, एक सुई चुकवली नाही. माझा तिच्यावर विश्वास आहे. सकाळची सुई नववीतला नातू देतो, संध्याकाळची सून देते. खर्चाचं पण तसं अडत नाही, एक बाटली जवळजवळ महिनाभर जाते, ती मीच इथून पाठवतो.

घरात सगळे म्हणतात अडाणी आहे, तिला काय कळतंय, कुठेतरी चुकवत असणार. म्हणून विचारतो, शिकलेल्या माणसाचा आजार आटोक्यात येतो आणि न शिकलेल्याचा येत नाही असं खरंच असतं का? आणि आपण नाशिकला बसून तिच्यासाठी नेमकं काय करावं?

मेडिकल_सिडको

दादा बाकीचं नंतर बोलू, आधी तुमच्या त्या बाटलीबद्दल. साधी १० एमएलची बाटली असेल तर आपल्याकडे त्यात एका एमएलला ४० युनिट असतात, म्हणजे पूर्ण बाटलीत ४०० युनिट. आत्याचा दिवसाचा डोस २४ आणि १२ मिळून ३६. चारशेला छत्तीसने भागा, अकरा दिवस येतात. तुमची बाटली महिनाभर कशी काय जाते?

सुया चुकवत नसेल तर मला दुसरीच शंका येतेय. आत्ता फोन करा आणि नातवाला दोन गोष्टी बघायला सांगा, बाटलीवर ४० लिहिलंय की १००, आणि सिरिंजची टोपी कुठल्या रंगाची आहे, लाल की केशरी. तोपर्यंत डोसमध्ये स्वतःहून काहीही बदल करू नका प्लीज.

गंगापूररोड_आनंद

मला हा अडाणी वगैरे मुद्दाच पटत नाही. माझे वडील बँकेत ऑफिसर होते, इंग्रजी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचे. बीपीची गोळी चालू होती, एकदा तपासलं तर १२४/८० आलं, तर म्हणाले आता नॉर्मल आहे मग विष कशाला खायचं, आणि कोणाला न सांगता चार महिने बंद. बीपी नॉर्मल आलं होतं ते गोळीमुळेच आलं होतं हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलं पण नाही. एका पहाटे उजवा हात उचलेना, तोंड वाकडं. लगेच हलवलं म्हणून वाचले, पण बोलणं अजून अडखळतं. एवढा शिकलेला माणूस. त्यामुळे आत्यांना अडाणी म्हणून बोल लावू नका, चूक कोणाचीही होते.

सातपूरकर_८४

@मेडिकल_सिडको भाऊ फोन केला. नातवाने बाटली हातात धरून एकेक अक्षर वाचून दाखवलं, ४० आययू पर एमएल लिहिलंय. टोपी केशरी आहे. सिरिंजवर १०० पर्यंत आकडे आहेत म्हणतो. हॉस्पिटलातून दिलेल्या लाल टोपीच्या होत्या, त्या संपल्यावर तिकडच्याच एका मेडिकलमधून "इन्सुलिनच्या सुया द्या" म्हणून आणल्या. पोरगा म्हणतो, काका मी रोज बरोबर २४ च्या रेघेपर्यंतच भरतो, एक थेंब कमी नाही. काय झालंय नेमकं? मला धडधडायला लागलंय.

मेडिकल_सिडको

तेच झालंय ज्याची भीती होती. नीट वाचा आणि आत्येभावाला पण वाचून दाखवा.

लाल टोपीची सिरिंज ४० च्या बाटलीसाठी असते आणि केशरी टोपीची १०० च्या इन्सुलिनसाठी. केशरी सिरिंजवर २४ ची रेघ म्हणजे ०.२४ एमएल, आणि ४० च्या बाटलीतलं तेवढं औषध म्हणजे साडेनऊ युनिटच. संध्याकाळचे १२ म्हणजे खरे पाचच्या आत. दोन्ही मिळून दिवसाला साधारण साडेचौदा, चारशे भागिले साडेचौदा, बघा अठ्ठावीसएक दिवस येतात, तुमची महिन्याची बाटली. आत्या खरं सांगत होत्या. औषध निम्म्याच्याही खाली जात होतं आणि डॉक्टर समोरची शुगर बघून डोस वाढवत होते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आज घाईघाईने लाल टोपीच्या सुया आणून २४ देऊ नका!! अंगाला साडेनऊची सवय आहे, एकदम २४ गेले म्हणजे अडीचपट, शुगर धाडकन उतरेल, त्यात माणूस बेशुद्ध पडतो आणि जिवावर बेततं. आधी डॉक्टरांना फोन, बाटली आणि टोपीचा रंग शब्दशः सांगा, नवा डोस ते ठरवतील. आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, दरदरून घाम, हात थरथरणं, एकदम कडाडून भूक, डोळ्यापुढे अंधारी, बोलण्यात गडबड, असं काही व्हायला लागलं की तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यायची, पंधरा मिनिटांनी बरं वाटलं नाही तर परत. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, १०८ ला फोन.

आमच्या लाइनचं पण सांगतो, कारण सुई देताना बाटली कुठली हे विचारणं आमचं काम आहे आणि काउंटरला गर्दी असली की ते राहून जातं. २२ वर्षं झाली ह्या धंद्यात. दम्याची कॅप्सूल मशिनमध्ये टाकून ओढायची असते, ती पाण्याबरोबर गिळणारे मी स्वतः किती पाहिलेत, आणि वर म्हणतात औषधाने गुण येत नाही. रक्तवाढीची लोहाची गोळी सकाळच्या चहाबरोबर घेतात, चहाने ते लोह अंगाला नीट लागत नाही. मागे एक मावशी आल्या, हॉस्पिटलने दिलेली बीपीची गोळी आणि घरातली जुनी, दोन वेगळ्या कंपन्यांची नावं पण आत औषध एकच, दोन्ही घेत होत्या आणि चक्कर येऊन पडत होत्या. त्यात आम्ही पाकिटातून चार गोळ्या कापून देतो तेव्हा नाव आणि एक्सपायरी दुसऱ्या तुकड्यावर राहून जाते. मी आता कापून दिली की पुडीवर नाव लिहितो, सकाळसाठी सूर्य आणि रात्रीसाठी चंद्र काढतो, आणि पुडी हातात दिल्यावर विचारतो, ताई ही कधी घेणार सांगा. दहातले तीन-चार तरी काहीतरी वेगळंच सांगतात, आणि त्यात शर्टपँट घातलेले पण असतात.

मेडिसिन_रेसिडेंट

दोन मिनिटं मिळालीत म्हणून लिहितो. सिडकोच्या काकांनी जे पकडलं ते आमच्या ओपीडीत तीनदा सुटलं ह्याचं मला वाईट वाटतंय, हॉस्पिटल कुठलंही असो. एका सकाळी शंभराच्या वर पेशंट असतात, शुगर ३२० दिसली की हात आपोआप डोस वाढवायला जातो. सुई दाखवा, भरून दाखवा, हे विचारायला एक मिनिट लागतं आणि नेमकं तेच आपण वाचवतो.

मूळ प्रश्नाचं उत्तर, हो, फरक पडतो आणि मोजून पाहिलेला आहे. ह्याला आरोग्य साक्षरता म्हणतात, म्हणजे नुसतं वाचता येणं नाही, तर सांगितलेलं समजणं, त्यावरून ठरवता येणं आणि दवाखान्याच्या व्यवस्थेत स्वतःचं काम करून घेता येणं. ही ज्यांची कमी असते ते जास्त वेळा ॲडमिट होतात, इमर्जन्सीत जास्त येतात, लसी आणि तपासण्या कमी करून घेतात, म्हाताऱ्या माणसांत तर मृत्यूचं प्रमाण पण जास्त दिसलंय, आणि वय, उत्पन्न, आधीचे आजार हे सगळं हिशोबात धरून सुद्धा. अमेरिकेत २००६ साली एक अभ्यास छापून आला, गोळीच्या डबीवरची सूचना होती "दोन गोळ्या दिवसातून दोनदा घ्या". वाचन कमी असलेल्यांपैकी ७१ टक्के लोकांनी ती सूचना बरोबर म्हणून दाखवली. पण मग त्यांना सांगितलं, दिवसभराच्या गोळ्या मोजून दाखवा, तर फक्त ३५ टक्क्यांनी बरोबर चार मोजल्या. म्हणजे वाक्य पाठ होतं, कृती नव्हती. तुमचा नातू नेमका तिथेच आहे, त्याने २४ वाचलं बरोबर, भरलं बरोबर, आणि तरी डोस चुकला.

त्यामुळे "समजलं ना?" हा प्रश्न विचारूनच उपयोग नाही, त्याचं उत्तर हो असंच येतं, डॉक्टरसमोर नाही कोण म्हणणार. विचारायचं असं की "आजी, मी नीट सांगितलंय का ते मला कळू दे, घरी गेल्यावर तुम्ही कशी घेणार ते करून दाखवा". चुकलं तर आपण परत सांगायचं, पेशंटची परीक्षा नाही, आपली आहे. २००३ मध्ये डायबेटिसच्या पेशंटवरच हे बघितलं गेलं होतं, ज्यांचे डॉक्टर सांगितलेलं परत विचारून घ्यायचे त्यांची शुगर जास्त करून आटोक्यात होती, पण असं विचारणारे डॉक्टर फार थोडे निघाले. आमच्याकडे पण ते सवयीत नाही. उद्यापासून इन्सुलिनच्या प्रत्येक पेशंटला मी सिरिंज घेऊन यायला सांगणार आहे.

आणि दादा, आत्यांच्या पायाकडे लक्ष असू द्या, दोन महिने शुगर चढलेली होती, जखम पुन्हा उघडली नाहीये ना ते तळव्याला आरसा धरून रोज बघायला सांगा.

सुरगाणा_सिस्टर

आनंददादा तुमच्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं आणि तुमचं म्हणणं खरं आहे, चुका शिकलेले पण करतात. पण पुढचं बघा ना. तुमचे वडील पडले तेव्हा घरात तोंड वाकडं झालं म्हणजे काय हे ओळखणारं माणूस होतं, दाराशी गाडी होती, हॉस्पिटल पंधरा मिनिटांवर होतं. आत्याची चूक दोन महिने कोणाच्या लक्षात आली नाही आणि आली ती पण सातपूरला भाचा आहे आणि त्याने इथे विचारलं म्हणून. माझ्याकडच्या पाड्यावर असा भाचा दहा घरांत एखाद्याला असेल. चूक सारखीच असते हो, पण ती पकडणारं माणूस कोणाला असतं आणि कोणाला नसतं, तिथून फरक पडत जातो.

मी १४ वर्षं ह्या भागात आरोग्यसेविका आहे. २०११ च्या जनगणनेत नाशिक जिल्ह्याची साक्षरता ८२ टक्क्यांवर गेली, ऐकायला छान वाटतं, पण त्या एका आकड्यात शहरातला कॉलेज रोड पण आला आणि आमचं आदिवासी सुरगाणा-पेठ पण आलं. आमच्या बाया घरात इकडची आदिवासी कोकणी बोली बोलतात, दवाखान्यातलं मराठी त्यांना पुस्तकी वाटतं, त्यात "उपाशीपोटी" म्हटलं की एकीने अख्खा दिवस उपास धरला आणि गोळी संध्याकाळी घेतली, तिला वाटलं पोट उपाशी पाहिजे म्हणजे काही खायचंच नाही. तेव्हापासून मी म्हणते, भाकरीच्या आधी, चूल पेटवायच्या वेळी. नाशिकला एक खेप म्हणजे सगळा दिवस जातो, मजुरी बुडते, एसटीचं भाडं दोघांचं, आणि तिथे जाऊन वर बोलणी खायची. मग बाई पुढच्या वेळी जातच नाही, आणि कागदावर लिहिलं जातं की पेशंट आला नाही.

लाजेचं पण सांगते, कारण ते कोणी लिहिलं नाही वर. माझ्याकडे एक आजोबा यायचे, फाईल पुढे केली की म्हणायचे चष्मा घरी राहिला. तीन वर्षं चष्मा घरीच राहिला होता. वाचता येत नाही हे माणूस बायकोला सांगेल पण डॉक्टरला नाही सांगणार. म्हणून मी कोणाला विचारतच नाही वाचता येतं का, सरळ सगळ्यांनाच करून दाखवायला सांगते.

आता आत्यासाठी. नवा डोस ठरला की लाल टोपीची एक सिरिंज नमुना म्हणून बाजूला ठेवा, त्या रेघेवर बाहेरून नेलपॉलिशची बारीक रेघ ओढा, आत काही भरायचं नाही, टोचायची पण नाही. रोजची सुई भरली की नमुन्याशेजारी धरून जुळवायची, डोळ्याला जुळतं की नाही ते आत्याला बरोबर कळतं, पिढ्यानपिढ्या धान्य मापणारी माणसं आहेत ही. सकाळ-संध्याकाळचा डोस वेगळा असेल तर दोन नमुने, वेगवेगळ्या रंगाचे. डोस बदलला की जुना नमुना मोडून टाकायचा, ते विसरू नका. आणि फ्रीज आहे का घरी? नसेल तर बाटली प्लास्टिकच्या डबीत घट्ट बंद करून माठाच्या गारव्यात ठेवा, पाणी आत जाता कामा नये, उन्हात किंवा चुलीजवळ नको. फ्रीज असला तर बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही, गोठलेलं इन्सुलिन टाकून द्यावं लागतं. गावच्या आशाताईला पण हे सगळं समोर बसवून दाखवा, तुम्ही सातपूरला असाल तेव्हा तीच जवळची आहे.

मालेगाव_शबाना

सिस्टर चष्म्याचं वाचून माझी अम्मी आठवली. ती उर्दू छान वाचते पण गोळ्यांच्या पाकिटावर सगळं इंग्रजी आणि पोस्टरवर सगळं मराठी, म्हणजे वाचता येणारी बाई दवाखान्यात गेली की अडाणी होते. मी फोनवर तिच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवलंय कुठली गोळी कधी ते, तिचं तिच्याच भाषेत, डॉक्टरकडे पण तेच ऐकवते म्हणजे चूक असेल तर तिथेच कळतं. दादा आत्याकडे साधा फोन असला तरी नातवाच्या फोनमध्ये असं करता येईल.

गंगापूररोड_आनंद

सिस्टर, पटलं. वडिलांच्या वेळी पहिल्या तासाभरात नेलं म्हणून निभावलं असं डॉक्टर म्हणाले होते, आणि ते मला आपलं नशीब वाटत होतं. गाडी होती, माहिती होती, हे कधी मोजलंच नाही मी.

सातपूरकर_८४

चार दिवसांनी लिहितोय, सगळ्यांचे खूप आभार. त्या दिवशी संध्याकाळी डॉक्टरांना फोन लागला, टोपीचा रंग सांगितल्यावर ते क्षणभर गप्पच झाले, मग म्हणाले लाल सिरिंजने सकाळी १२ आणि संध्याकाळी ६ पासून सुरू करा आणि रोजची शुगर मला कळवा. रविवारी सुट्टी काढून लाल टोपीच्या सुया, ग्लुकोमीटर आणि बहिणीची नेलपॉलिश घेऊन पेठला गेलो. आशाताईंना बोलावलं होतं, त्या आल्या.

आधी नातवाला जवळ घेतलं, तो घाबरून कोपऱ्यात बसला होता, त्याला वाटलं आजीला त्याच्यामुळे झालं. त्याला केशरी आणि लाल सुई शेजारी धरून दाखवली, दोन्हीत १२ ची रेघ कुठे येते ते. त्याच्या डोक्यात लगेच उतरलं, म्हणे काका म्हणजे पट्टीच वेगळी आहे, इंच आणि सेंटीमीटरसारखी. मी दोन महिन्यांत एवढं सोपं करून कोणाला सांगू शकलो नसतो. मग आत्याला म्हटलं, आता तू भर. ती नको नको म्हणत होती, माझे हात खरखरीत, मला नाही जमायचं. दोनदा हवा आत गेली. तिसऱ्यांदा बाटली उलटी धरून तिने दांडा हळूहळू ओढला, नमुन्याच्या शेजारी धरला, उजेडाकडे वळून एक डोळा मिटून बघितलं, अर्धी रेघ जास्त होती ती परत बाटलीत ढकलली आणि मला दाखवली. बरोबर १२. सून म्हणाली आत्याबाई माझ्यापेक्षा बरं भरता तुम्ही.

काल सकाळी उपाशीपोटीची २१८ आली, डॉक्टर म्हणाले हळूहळू उतरू दे, घाई नको. पाय ठीक आहे, आरसा दारामागे टांगलाय. परवा ओपीडीला आणतोय, पिशवीत बाटली, सुया आणि दोन्ही नमुने घेऊन, आणि आत्याने बजावलंय की ह्या वेळेला तू बोलू नको, मीच भरून दाखवते त्यांना.